सौंदर्याची ओढ कोठून येते?

मासिक शास्त्राभ्यास

शास्त्रपाठ: उत्पत्ती २:८-९ व ३:१-६, निर्गम ३१:१-६ व ३२:१-४, मार्क १४:३-९
पूरक वाचन: गीतरत्न १:५-६, यशया ५३:२-३, मत्तय ६:२८-३०



वडगावात पहाटे जाग येते ती मागाच्या आवाजाने. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग ह्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणल्या जात आहेत. पूर्वी घरोघर हातमाग होते, आता बहुतेक ठिकाणी यंत्रमाग आहेत. आवाज बदलला, पण उभ्या धाग्यांतून आडवा धागा नेण्याचे धोट्याचे काम तेच राहिले.

माझ्या शेजारच्या विणकराची आई कांड्या भरण्याचे काम करीत असे. एके दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मागावरून उतरलेली साडी घडी घालण्यासाठी पसरली होती. अंजिरी रंग, हिरवे काठ, पदरावर मोर. म्हातारीच्या अंगावर ठिगळ लावलेले लुगडे होते. तिने हात पुढे केला, मग काही आठवल्यासारखा मागे घेतला, आपल्या लुगड्याला नीट पुसला आणि मग त्या पदरावरून हळूच फिरवला. सूत व्यापाऱ्याचे होते, मजुरी ठरलेली होती, साडी दुसऱ्याच दिवशी दुकानात जाणार होती आणि नेसणार कोणी अनोळखी बाई. त्या पदरातून तिला काहीही मिळणार नव्हते. तरी तिने हात पुसला.

तिने हात का पुसला, हाच आजच्या अभ्यासाचा प्रश्न आहे. ज्यातून पोट भरत नाही, जे आपल्या मालकीचेही होणार नाही, अशा सुंदर वस्तूकडे मनुष्याचे मन का धावते? आणि आजच्या काळात, जेव्हा प्रत्येकाच्या हातात आरसा आणि कॅमेरा दोन्ही एकाच यंत्रात आले आहेत, तेव्हा ही ओढ आपल्याला कोठे नेत आहे?

हा विषय मी निवडला त्याला एक कारण आहे, आणि ते मला लाज वाटण्याजोगे आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शब्बाथशाळेच्या नाताळच्या नाटिकेसाठी मी मुले निवडीत होतो. एका नऊ वर्षांच्या मुलीने देवदूताचे सगळे संवाद पाठ केले होते. तिची आई शिवारात भाजी काढण्याच्या कामाला जाते. मुलगी सावळी. मी सहज बोलून गेलो, "देवदूताला जरा उजळ मुलगी बरी दिसेल." तिने माझ्याकडे पाहून विचारले, "सर, देवदूत काळा नसतोय काय?" मी हसलो आणि तिला मेंढपाळांत उभे केले. त्या नाताळला ती आली नाही. पुढे बरेच रविवारही आली नाही. आपण सौंदर्याविषयी जे मानतो ते आपल्या मुलांच्या जिवाला असे जाऊन भिडते. म्हणून हा विषय केवळ कवींचा नव्हे, शब्बाथशाळेच्या शिक्षकांचाही आहे.

१. ओढ देवाने लावलेली आहे

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील नववे वचन लक्षपूर्वक वाचा. देवाने एदेन बागेत झाडे उगवली, त्यांचे दोन गुण तेथे सांगितले आहेत. ती दिसण्यात मनोहर होती आणि खाण्यास चांगली होती. क्रम पाहा. आधी डोळे, मग पोट. मनुष्याने अजून पाप केलेले नाही, अजून त्याला भूकही लागलेली नाही, आणि देवाने त्याच्या डोळ्यांची सोय केली आहे. म्हणजे सौंदर्याची आवड हा पतनानंतर जडलेला रोग नव्हे. ती निर्मितीच्या वेळीच आपल्यात ठेवलेली आहे.

ही गोष्ट सर्व काळच्या व सर्व धर्मांच्या मनुष्यांत दिसते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर इ. स. १२०४ मधले. त्याच्या मंडपाच्या छताला दगडातून कोरलेले मोठे कमळ आहे. आठशे वर्षांपूर्वी ज्याने ते कोरले तो आपल्या मंडळीचा नव्हता. परंतु त्याच्या अंतःकरणातली ओढ त्याच निर्माणकर्त्याने ठेवलेली होती, हे मान्य करण्यात आपल्या विश्वासाला काही कमीपणा येत नाही.

विज्ञान ह्याविषयी काय सांगते? चार्ल्स डार्विनला मोराच्या पिसाऱ्याने मोठे कोडे घातले होते. ते पीस पाहिले की आपल्याला अस्वस्थ वाटते, असे त्याने १८६० मध्ये एका मित्राला लिहिले. कारण जगण्याच्या धडपडीत असल्या जड पिसाऱ्याचा उपयोग काय? पुढे १८७१ च्या ग्रंथात त्याने उत्तर दिले की लांडोर देखण्या मोराची निवड करते, म्हणून पिसारा टिकून राहिला. हे उत्तर आपण नाकारण्याचे कारण नाही. परंतु पिसारा लांडोरीसाठी असेल, तर तो पाहून मनुष्य का थबकतो? वडगावचा विणकर तो पदरावर का विणतो?

आणखी एक उदाहरण घ्या. अमेरिकेत रॉजर उल्रिच नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पेन्सिल्व्हेनियातील एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. तेवीस रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती. त्यांच्याशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या तेवीस जणांना केवळ विटांची भिंत दिसत होती. झाडे पाहणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक जहाल औषधेही कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तथापि मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, एवढे तरी त्यातून सुचते.

उपदेशक ३:११ मध्ये दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: देवाने प्रत्येक वस्तू आपापल्या समयी सुंदर केली आणि मनुष्याच्या मनात अनंतकाळाची जाणीव घातली. सुंदर वस्तू पाहून मन भरते आणि त्याच वेळी काहीतरी उरल्यासारखे वाटते, त्याचे मूळ येथे आहे. सौंदर्य ही हाक आहे. हाक ऐकून हाक मारणाऱ्याकडे वळावयाचे असते.

२. एकच सोने, दोन कामे

आता निर्गमाचे दोन लागोपाठचे अध्याय शेजारी ठेवून वाचा. एकतिसाव्यात देव बसालेलला नावाने बोलावतो आणि आपल्या आत्म्याने भरतो. कशासाठी? सोने, रुपे, पितळ, रत्ने व लाकूड ह्यांवर कुशलतेने काम करण्यासाठी. अहलियाब त्याचा सोबती. पुढे निर्गम ३५:३५ मध्ये त्यांच्या कौशल्यांत विणकराचे नावही स्पष्ट आले आहे. आत्म्याने भरलेला मनुष्य म्हणजे उपदेश करणारा, अशी आपली समजूत असते. येथे तो कारागीर आहे. वडगावच्या आमच्या बांधवांनी हे वचन मागाशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

बत्तिसाव्या अध्यायात अहरोन लोकांच्या कानांतली सोन्याची कुंडले गोळा करतो आणि कोरणीने घडवून वासरू तयार करतो. पस्तिसाव्यात तेच लोक तसलीच कुंडले निवासमंडपासाठी आणून देतात. सोने तेच, हात तेच, कौशल्य तेच. एका ठिकाणी त्यातून देवाचा निवास सजला, दुसऱ्या ठिकाणी मूर्ती झाली. म्हणजे दोष सोन्यात नाही आणि कौशल्यातही नाही. वस्तू आपल्याला देवाकडे नेते की देवाच्या जागी येऊन बसते, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या मंडळ्यांत दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे सौंदर्याला तुच्छ लेखणे. भिंती ओक्याबोक्या, गाणे बेसूर, आणि त्यालाच आपण आध्यात्मिकता म्हणतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) ह्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे ते येथे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा मनुष्य फुलामुलांचा कवी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाला. परक्या चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांनी ज्या मंडळीचे ओठ हलत पण मन हलत नसे, तिला त्यांनी भजनाची चाल आणि अभंगाची वाणी दिली. सुंदर मराठीत देवाला आळवणे म्हणजे जगाशी तडजोड नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरी चूक उलट आहे आणि आज तीच अधिक बोकाळली आहे. तिचे मूळ पाहण्यासाठी पुन्हा एदेन बागेत जाऊ.

३. पाहणे, घेणे आणि दाखवणे

उत्पत्ती ३:६ मध्ये स्त्रीने झाड पाहिले. ते खाण्यास चांगले, दिसण्यात मनोहर आणि शहाणे करणारे आहे असे तिला वाटले, आणि तिने फळ घेतले. क्रम उलटला आहे, हे ध्यानात आले काय? दुसऱ्या अध्यायात आधी डोळे होते, आता आधी पोट आहे. झाड तसेच मनोहर आहे. बदलली ती पाहण्याची रीत. जे पाहून धन्यवाद द्यावयाचा, ते पाहून घ्यावयाचे झाले. आणि खाल्ल्यावर लगेच त्यांना आपल्या उघडेपणाची लाज वाटली. जो हावेने पाहू लागतो, त्याला दुसऱ्याच्या नजरेचेही भय वाटू लागते.

आधुनिक जीवनात ह्यापुढची एक पायरी आली आहे. आता घेऊनही भागत नाही, दाखवावे लागते. पावसाळ्यात बेळगावहून गाड्या भरून लोक आंबोलीला धबधबा पाहण्यास जातात. तेथे थोडा वेळ बाजूला उभे राहून पाहा. बहुतेक जण धबधब्याकडे पाठ करून उभे असतात, कारण छायाचित्रात आपण पुढे आणि धबधबा मागे हवा असतो. देवाने एवढे पाणी डोंगरावरून सोडले आणि आपण त्याला पडदा केला.

हीच गोष्ट चेहऱ्याची. 'फेअर अँड लव्हली' ह्या नावाचे मलम १९७५ मध्ये आपल्या देशात बाजारात आले. २०२० मध्ये त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द गेला आणि ते 'ग्लो अँड लव्हली' झाले. डबीवरून शब्द गेला. वधूवर सूचक मंडळाच्या कागदावरून गेला काय? ख्रिस्ती कुटुंबांच्या स्थळांतही "मुलगी विश्वासू, शिकलेली, गोरी" असेच लिहिले जाते. आता मोबाइलमध्ये बोट फिरवताच चेहरा उजळतो, नाक सरळ होते. आपली मुले आपल्या खऱ्या चेहऱ्याऐवजी तो चेहरा आपला समजू लागली आहेत आणि आरशात पाहून खट्टू होत आहेत.

शास्त्र ह्याविषयी मूक नाही. गीतरत्नाच्या पहिल्याच अध्यायात वधू सांगते की मी सावळी आहे आणि सुरूपही आहे. पुढच्या वचनात ती कारण देते: भावांनी तिला द्राक्षमळे राखण्यास लावले, उन्हाने ती रापली. म्हणजे तिचा रंग कष्टाचा रंग आहे. जिच्या आईचे तोंड वडगावच्या शिवारात उन्हाने रापते तिच्यासाठी हे वचन बायबलात होते. मी पदविका घेतलेला मनुष्य, मला ते त्या दिवशी आठवले नाही.

४. ज्याला रूप नव्हते तो

प्रभू येशू सौंदर्याकडे कसा पाहत असे? मत्तय ६:२८-२९ मध्ये तो रानातील फुलांकडे बोट दाखवतो. ती कष्ट करीत नाहीत आणि कातीत नाहीत, तरी शलमोन आपल्या सर्व वैभवात त्यांच्यासारखा सजला नव्हता. मागावर बसणाऱ्यांना हे वचन प्रथम थोडे बोचते. आम्ही रात्रंदिवस कष्ट करतो, आणि प्रभू न कातणाऱ्या फुलाची स्तुती करतो! परंतु हे वचन काळजीने पिचलेल्यांसाठी बोलले गेले आहे. २०१९ च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात महापूर आला, पुढच्याच वर्षी टाळेबंदी झाली, आणि रोजच्या मजुरीवर जगणाऱ्यांच्या घरी काळजी वस्तीलाच आली. अशा घराला प्रभू सांगतो की उद्या भट्टीत पडणाऱ्या गवतालाही देव इतके सुंदर नेसवतो. मग तुमच्या जिवाची त्याला पर्वा नसेल काय? फुलाचे सौंदर्य येथे देवाच्या काळजीची खूण आहे.

मार्काच्या चौदाव्या अध्यायात एक स्त्री जटामांसीचे मोलवान तेल प्रभूच्या मस्तकावर ओतते. किंमत तीनशे दिनारांहून अधिक, म्हणजे जवळजवळ वर्षाची मजुरी. लोक कुरकुरतात की हे विकून गरिबांना दिले असते. हरकत खोटी नाही, आणि प्रभूने गरिबांना बाजूला सारले नाही. तुम्हांला वाटेल तेव्हा त्यांचे बरे करता येईल, असे त्याने तेथेच सांगितले. परंतु तिच्या कृत्याला त्याने जो शब्द लावला तो मूळ ग्रीक भाषेत 'कालोस' आहे. त्याचा अर्थ चांगले असाही होतो आणि सुंदर असाही. तिने कुपी फोडली; तेल परत घेण्याची सोय ठेवली नाही. एदेनात हात घेण्यासाठी पुढे झाला होता, येथे देण्यासाठी झाला. हेच सुंदर.

आणि मग वधस्तंभ. योहान १९:२३ सांगतो की प्रभूचा झगा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला होता. कोण्या हातांनी तो विणला, हे शास्त्र सांगत नाही. सैनिकांनासुद्धा तो फाडवला नाही. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. झग्याचे मोल त्यांना कळले, झगा ज्याच्या अंगावर होता त्याचे कळले नाही. त्याच्याविषयी यशयाने आधीच सांगून ठेवले होते की त्याला रूप नव्हते, आपले मन ओढावे असे त्याच्या ठायी काही नव्हते. ज्याने मोर आणि कमळ घडवले, तो आपल्यासाठी कुरूप झाला. आपण सुंदर आहो म्हणून त्याने प्रीती केली नाही. त्याने प्रीती केली म्हणून आपले मोल ठरले. ही सुवार्ता ज्या मुलीला समजली तिला कोणत्याही मलमाच्या डबीपुढे वाकावे लागणार नाही.

पुढे काय झाले

मी त्या मुलीच्या घरी क्षमा मागण्यास गेलो. मुलगी आत जाऊन बसली. तिची आई म्हणाली, "जाऊ दे सर. तुम्ही काय वेगळं बोललासा? सगळीच बोलतात की." ह्या शब्दांनी मी जितका खाली गेलो तितका रागाने गेलो नसतो. मंडळीतला शिक्षक जगापेक्षा वेगळे बोलेल, अशी अपेक्षासुद्धा तिला उरली नव्हती.

मुलगी कालांतराने परत येऊ लागली. नाटिकेत मात्र तिने पुन्हा भाग घेतला नाही आणि मी आग्रह केला नाही. तेव्हापासून आमच्याकडे नाटिकेतली पात्रे चिठ्ठ्या टाकून ठरतात. ज्याच्या नावाची चिठ्ठी येईल तो देवदूत, मग तो सावळा असो, बुटका असो की तोतरा असो. पहिल्या वर्षी काही पालकांनी नाके मुरडली. आता कोणी काही म्हणत नाही.

शेजारची म्हातारी आता नाही. पण सुंदर वस्तू समोर आली की मला तिचा तो हात आठवतो. जे आपले नाही त्याला स्पर्श करण्यापूर्वी तिने हात पुसला. सौंदर्याकडे असेच जावे, नम्र होऊन, आणि ज्याने ते घडवले त्याची आठवण ठेवून.

शिक्षकांसाठी सूचना

१. वर्गात एक साधे फूल न्यावे. मुलांना तीन मिनिटे न बोलता, न तोडता ते पाहू द्यावे. मग काय दिसले ते विचारावे.
२. जवळपास माग असेल तर मुलांना तेथे न्यावे. धोटा, कांडी, फणी दाखवावी. एक साडी विणण्यास किती वेळ लागतो व विणकराच्या हाती काय पडते, हे त्याच्याच तोंडून ऐकवावे.
३. कोणत्याही मुलाच्या रंगाचा, उंचीचा वा अंगलटीचा उल्लेख, थट्टेनेसुद्धा, वर्गात करू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. उत्पत्ती २:९ आणि ३:६ ह्यांतील शब्दांचा क्रम ताडून पाहा. त्यातून काय शिकता येते?
२. प्रेषितांची कृत्ये ९:३९ मध्ये विधवांनी टबीथेने शिवलेले कपडे रडत रडत दाखवले. त्या कपड्यांचे खरे सौंदर्य कशात होते?
३. आपल्या मंडळीत लग्न जुळवताना आपण कोणत्या गोष्टी आधी विचारतो? १ शमुवेल १६:७ च्या प्रकाशात त्या टिकतात काय?
४. उपासनामंदिर सजवण्यावरील खर्च आणि गरिबांची मदत ह्यांचा मेळ मार्क १४:३-९ वरून कसा घालाल?

प्रार्थना

हे निर्माणकर्त्या प्रभो, तू आम्हांला डोळे दिलेस आणि त्यांच्यापुढे इतके काही मांडलेस, म्हणून तुझे उपकार मानतो. आमची नजर हावरी झाली आहे, ती शुद्ध कर. ज्यांना आम्ही आमच्या शब्दांनी खाली पाहावयास लावले, त्यांची मान तू वर कर. ज्यांचे हात आमच्यासाठी सुंदर वस्तू घडवतात त्यांच्या घरी भाकरी आणि शांती असू दे. ज्याला आमच्यासाठी रूप उरले नाही, त्या प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.